वाघिणींचा कारखाना, मुक्काम डबलिन

सांधेवाला | शनिवार, रात्री १०:१२

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे मी आमच्या इथल्या क्लबातल्या म्हाताऱ्यांना सांगितलं, तर मंडळी भलतीच खूश. एकाने लगेच विचारलं, मग गुरांच्या डब्याला? म्हटलं, तीही वाघीणच, फक्त पोटात गाई. त्या दिवसापासून माझ्या जिन्याखालच्या कोनाड्याला क्लबात 'टायगर वर्क्स' म्हणतात.

या कोनाड्यात गेली दोन वर्षं मी जुन्या आयरिश लाकडी वाघिणी बनवतोय. एकच करून कपाटात ठेवायची नाहीये, बारा वाघिणींचा रेक, म्हणजे जोडलेली अख्खी माळ, करायचाय. मागे एका धाग्यावर दोघातिघांनी 'सविस्तर लिहा' म्हणून गळ घातली होती, म्हणून हा प्रपंच. फोटो नंतर टाकतो, इथे चढवताना अजून गोची होतेय.

आधी मापाचं बोलू, कारण आयर्लंडच्या बाबतीत सगळी रड तिथून सुरू होते. इथला पहिला लोहमार्ग, डबलिन ते किंग्सटाउन, १८३४ साली इंग्लंडसारखाच ४ फूट ८½ इंचांवर धावला. उत्तरेत अल्स्टर रेल्वेने ६ फूट २ इंच धरले. डबलिन-ड्रॉहेडा लाइनवाल्यांनी ५ फूट २ इंच. तीन भाऊ, तीन चुली. शेवटी सरकारी व्यापार मंडळाचे मेजर जनरल पास्ली मध्ये पडले आणि १८४६ च्या कायद्याने ५ फूट ३ इंच कायम झाले. म्हणजे जे माप तिघांपैकी कोणाचंच नव्हतं, ते सगळ्यांच्या गळ्यात पडलं. किंग्सटाउनची लाइनसुद्धा १८५७ मध्ये बदलून घ्यावी लागली.

आता मॉडेल. ब्रिटन-आयर्लंडात चालतं ते प्रमाण एका फुटाला ४ मिलिमीटर, साधारण १:७६. सव्वापाच फूट गुणिले चार, बरोब्बर २१ मिमी. इतका सरळ हिशोब इंग्लिश गाड्यांच्याही नशिबात नाही. पण दुकानात मिळणारे रूळ १६.५ मिमीचे. म्हणजे प्रमाणात ४ फूट दीड इंच. आयरिश वाघीण त्यावर ठेवली आणि समोरून पाहिली की अंगरखा पैलवानाचा आणि चपला पोराच्या.

बहुतेक लोक हे चालवून घेतात, मीही पाच वर्षं घेतलं. मग एकदा डबलिनजवळच्या मालाहाइडला सिरिल फ्रायच्या गाड्या पाहायला गेलो. फ्राय हा रेल्वेतला ड्राफ्ट्समन. त्याने आयुष्यभर आयरिश गाड्यांची मॉडेलं केली, तीही माझ्यापेक्षा मोठ्या मापाची, ३२ मिमीच्या रुळांवर. म्हणजे मापात तोही थोडा अरुंदच. पण साध्या मालडब्यांवर त्या माणसाने जी मेहनत घेतलीय ती पाहून घरी आल्यावर माझ्याच गाड्यांकडे बघवेना. म्हटलं, आता २१ मिमी. रूळ हाताने. तांब्याचा मुलामा असलेल्या सर्किट बोर्डाच्या पट्ट्या कापायच्या, त्या स्लीपर, आणि त्यावर रूळ डाग देऊन बसवायचे. सांधेही, म्हणजे गाडी रूळ बदलते त्या जागाही, तसेच. आयडी उगाच घेतलेला नाही.

वाघीण कोणती केली ते उद्या लिहितो. मुलगी 'बाबा, जिन्याखालून वास येतोय' म्हणतेय.

शेवंता | शनिवार, रात्री १०:४०

वाचतेय. वास कसला आला तेही लिहा :)

भुसावळचा नातू | शनिवार, रात्री ११:०५

बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत)! माझे आजोबा मालगाडीवर गार्ड होते. घरात 'डबा' म्हणजे जेवणाचा, रुळावरची ती वाघीण. कोणी मालगाडीचा डबा म्हटलं तर आजोबा जेवताजेवता थांबून दुरुस्त करायचे. पुढचं लवकर टाका.

मोजपट्टी | रविवार, सकाळी ८:२०

मापाच्या रडगाण्यात तुम्ही एकटे नाही. आपली ब्रॉडगेज ५ फूट ६ इंच, १६७६ मिमी. १:८७ मध्ये ती सव्वाएकोणीस मिमी यायला हवी. आम्हीही गपगुमान १६.५ च्या रुळांवरच चालवतो. पुण्यात कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात लहानपणी गेलो तिथून हा किडा चावला, तो अजून उतरला नाही. पण हाताने रूळ डागायची छाती नाही झाली. एक विचारतो, चाकांचं काय करता? १६.५ ची चाकं आस लांब करून बसवता की २१ ची वेगळी मिळतात?

सांधेवाला | रविवार, दुपारी ३:३०

@मोजपट्टी, चाकं तीच, १२ मिमी व्यासाची. मूळ चाक ३ फूट १ इंच, म्हणजे खरं तर १२.३ मिमी, पण तेवढं मीही सोडून दिलंय. आस मात्र लांब लागते. टोकदार टोकांचे लांब आस वेगळे मागवायचे, जुन्यावरून चाकं उतरवून नव्यावर चढवायची, आणि दोन चाकांमधलं अंतर पितळी ठोकळ्याने तपासायचं. ठोकळा मीच कानशीने घासून केला. पहिला अर्ध्या मिमीने चुकला आणि सहा जोड्या परत उपसल्या.

आता वाघीण.

तयार मॉडेलं मिळत नाहीत असं नाही. इथल्या आयरिश रेल्वे मॉडेल्स नावाच्या कंपनीने गेल्या काही वर्षांत कमाल केलीय. सिमेंटच्या गोल पोटाच्या 'बबल' वाघिणी, बीटचे डबे, एच व्हॅन नावाचे बंद डबे, सगळं डब्यातून काढून रुळावर ठेवण्याजोगं. पण हा सगळा माल १९५० च्या आणि त्याच्या पुढच्या काळातला. मला हवी होती त्याच्या आधीची लाकडी दुनिया. ती हवी तर हौशी लोक घरगुती प्रमाणावर रेझिनचे किट काढतात ते घ्यायचे, नाहीतर स्वतः हात काळे करायचे.

आणि इंग्लिश वाघिणी रंगवून आयरिश म्हणून खपवणं हा मार्ग मी पत्करून झालाय. चालत नाही. इंग्लंडात खाणवाल्यांच्या स्वतःच्या वाघिणी, लाल-पिवळ्या, ठळक अक्षरांत मालकाचं नाव. आयर्लंडात कोळसा जेमतेम. कॅसलकोमर आणि अरिग्नासारख्या खाणी सोडल्या तर काय होतं? खासगी मालकीच्या वाघिणी अगदी थोड्या. इथली मालगाडी म्हणजे एकामागून एक रेल्वे कंपनीच्या राखाडी वाघिणी. रंगीत खोक्यांची माळ लावली की गाडी सजते खरी, पण आयर्लंड पळून जातो.

मी निवडली ती 'सॉफ्ट टॉप'. बाहेरून साधी बंद लाकडी वाघीण, पण छपराच्या मध्यावर आडवी फट, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत, दाराच्या रुंदीएवढी. त्या फटीवर ताडपत्री. दोन्ही टोकांना पक्कं छप्पर, मध्ये कापड. ग्रेट सदर्न अँड वेस्टर्न आणि मिडलंड ग्रेट वेस्टर्न या दोन्ही मोठ्या कंपन्यांकडे अशा वाघिणी रग्गड होत्या.

का, हे कळायला आयर्लंडचा बाजार डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेकडचं एखादं गाव, समजा बॅलिनास्लो. महिन्यातून एक दिवस जनावरांचा बाजार. त्या एका दिवशी शेकडो गुरं एकदम चढवायची आणि डबलिनला न्यायची, तिथल्या गुरांच्या बाजारात (हा १८६३ ते १९७३ चालला) नाहीतर थेट नॉर्थ वॉलच्या धक्क्यावर, इंग्लंडच्या जहाजात. उरलेले एकोणतीस दिवस त्याच स्टेशनात पीठ, पोती, खतं, बिअरची पिंपं. एका दिवसासाठी गुरांच्या वेगळ्या वाघिणी किती पाळणार? म्हणून ही दुहेरी सोय. गुरं असली की ताडपत्री काढा, वारा खेळतो. माल असला की वरून यारीने उतरवा आणि ताडपत्री ओढून घ्या. घरातल्या दिवाणासारखं, दिवसा बैठक, रात्री बिछाना.

नकाशा मिळवायला ह्यूस्टन स्टेशनातल्या आयरिश रेल्वे रेकॉर्ड सोसायटीच्या लायब्ररीत चकरा मारल्या. ही संस्था १९४६ पासूनची. जिथे रेखाचित्रात बारकावे नव्हते तिथे जुने फोटो. फोटोत चाकाचा व्यास ठाऊक असतो, तीच फूटपट्टी. अर्थात वाघीण अगदी समोरून घेतलेली असेल तर. तिरक्या फोटोवरून मापं काढून मी एक पूर्ण बाजू चार मिलिमीटर आखूड केली होती. ती आता मुलीच्या बाहुल्यांचं कपाट आहे.

घरकोंबडा | रविवार, सायंकाळी ६:०२

हे सगळं ठीक आहे, पण एक प्रामाणिक प्रश्न. राखाडी खोकी. तीही बारा सारखी. बघणाऱ्याला काय मजा?

भुसावळचा नातू | रविवार, सायंकाळी ६:१५

@घरकोंबडा, सारखी असतात का? फलाटावर उभं राहून मालगाडी मोजलीय कधी? एकीच्या दाराचा खटका वाकडा, एकीला नवीन फळी, एकीवर खडूने काहीतरी खरडलेलं. आजोबा रात्री चाकांच्या आवाजावरून सांगायचे की अमुक नंबरला लंगडी चाललीय.

केतकी मा. | रविवार, रात्री ९:३०

मीही डबलिनचीच. मालाहाइडला पोरांना घेऊन दोनदा गेले आहे. खरं सांगू, पोरांनी ट्राम आणि बोट बघितली आणि मी वाघिणींशी अडकले. एवढ्याएवढ्या दाराला कड्या! सांधेवाले, तुमचा कारखाना बघायला यायला आवडेल. येताना थालीपीठ आणेन, प्रवेशमूल्य म्हणून.

सांधेवाला | रविवार, रात्री १०:२०

@केतकी मा., थालीपीठ असेल तर कारखाना चोवीस तास उघडा.

@घरकोंबडा, उत्तर भुसावळकरांनी दिलंच. पुढे सरकतो.

मास्टर म्हणजे पहिला नमुना, ज्यावरून साचा निघतो. तो प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा, एक मिमीचा. फळ्यांमधल्या रेषा सुरीच्या पात्याच्या पाठीने ओढायच्या, धारेने नाही. धारेने चीर पडते आणि दोन्ही काठ वर येतात. पाठीने खोबणी पडते. लोखंडी पट्ट्या पाव मिमीच्या पत्र्याच्या. बोल्टांची डोकी अशी: पातळ पत्रा रबरावर ठेवायचा, बोथट केलेल्या सुईने मागून दाबायचं, समोर एक टिंब उठतं. एका बाजूला असे पंच्याऐंशी बोल्ट. रात्री साडेबाराला सत्तराव्या बोल्टाला सुई घसरली की काय शिव्या निघतात ते इथे लिहिता येणार नाही.

आणि मास्टरवरची चूक ही बारा वाघिणींवरची चूक असते. डाव्या दाराच्या वरच्या बिजागरीवर एक बोल्ट कमी आहे. बारा वाघिणींवर. दोन्ही बाजूंना एकाच साच्यातून काढल्यामुळे चोवीस दारांवर. क्लबातल्या एका आजोबांना तो पहिल्याच मिनिटाला दिसला. मला सहा महिन्यांत दिसला नव्हता.

आता साचा. इथे मी जी माती खाल्ली ती अक्षरशः मातीच होती. मास्टर खाली बसवायला मुलीची खेळातली माती वापरली आणि वर महागाचं प्लॅटिनमवालं सिलिकॉन ओतलं. दुसऱ्या दिवशी पाहतो तर सगळं घट्ट, पण मातीला जिथे जिथे टेकलं होतं तिथे चिकट पाक. अशा मातीत गंधक असतं आणि गंधकाने प्लॅटिनम सिलिकॉन आवळत नाही. हे बाटलीवर लिहिलेलं असतं, बारीक अक्षरांत, ज्यांना वाचायचं असेल त्यांच्यासाठी. कथिलवाल्या सिलिकॉनला हा त्रास नाही, पण ते हळूहळू किंचित आकसतं. मी गंधक नसलेली माती शोधली आणि प्लॅटिनमवरच राहिलो.

मग ओतकाम. बाजू, टोकं, छप्पर, चासीसाठी उघडे साचे. पॉलियुरेथेन रेझिनचे दोन भाग समसमान घ्यायचे, ढवळायचे आणि तीन मिनिटांत ओतून मोकळं व्हायचं. त्यानंतर ते कपातच थिजतं आणि कप हाताला चटका देतो. साच्यात आधी चिमूटभर टाल्कम पावडर ब्रशने फिरवायची, म्हणजे रेझिन बोल्टांच्या खळग्यात शिरतं. वरून प्लास्टिकचा कागद अंथरून सपाट पट्टी दाबायची, मागची बाजू गुळगुळीत निघते.

शेवंताताई, वास याचाच.

आणि मग डबलिनची हवा. रेझिनचा एक भाग दमटपणाला भयंकर हुळहुळा. पाण्याचा अंश मिळाला की त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि तुमची वाघीण पावासारखी फुगते. नोव्हेंबरात अर्धी संपलेली बाटली उघडली आणि ओळीने पाच बाजू जाळीदार ढोकळ्यासारख्या निघाल्या. ज्याच्याकडून घेतली त्या विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की 'कोरड्या जागी ठेवा'. डबलिनमध्ये! कोरडी जागा! आता बाटलीच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकतो (बुटांच्या खोक्यातून येतात त्या, कोणी फेकू नका, मला पाठवा) आणि पावडरही आधी ओव्हनमध्ये शेकून घेतो. बायकोने विचारलं, हे काय भाजतोयस.

थ्रीडी पंत | सोमवार, सकाळी ११:४५

राग मानू नका, पण २०-२२ हजारांत घरी ठेवायचा रेझिन प्रिंटर येतो. नकाशा काढा, बटण दाबा, बारा काय पन्नास वाघिणी. बोल्ट कमी पडला तर फायलीत टाका, परत छापा. ही सुई, माती, टाल्कम कशाला?

सांधेवाला | सोमवार, सायंकाळी ७:००

राग कसला. निम्मं तुमचं बरोबर आहे आणि निम्मं मी आधीच चोरलंय: आसांच्या टोकांना धरणाऱ्या पेट्या, स्प्रिंगा आणि ब्रेकची बुटं छापूनच घेतो, माझ्या बोटांचं ते काम नाही. पण मोठ्या सपाट बाजूवर थर दिसतात. लाकडाच्या फळीवर नकाशातल्या डोंगरासारख्या रेघा. घासल्या तर बोल्टही घासले जातात. शिवाय छापील भाग मास्टर म्हणून वापरायचा तर तो नीट धुऊन, उन्हातल्या अतिनील किरणांत पुरता पक्का करून घ्यावा लागतो, नाहीतर तोही प्लॅटिनम सिलिकॉनला गंधकासारखाच नडतो. हेही अनुभवाने. ऊन कुठलं आणायचं हा पुन्हा डबलिनचा प्रश्न.

थ्रीडी पंत | सोमवार, सायंकाळी ७:२०

यूव्ही दिवा मिळतो की. पण थरांचं मान्य. तिरकं ठेवून छापा, कमी दिसतील. फाइल पाठवा, मी इथे नाशकात एक छापून बघतो. पैजेवर.

मोजपट्टी | सोमवार, रात्री ९:१५

पैज लावाच. दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाका, आम्ही निवाडा करू.

सांधेवाले, ताडपत्रीबद्दल लिहिलं नाहीत. आणि वजन? रेझिनची रिकामी वाघीण हाताने केलेल्या रुळांवर नाचत असेल.

सांधेवाला | मंगळवार, रात्री १०:०५

ताडपत्री हा माझ्या आवडीचा भाग. आधी तीही छपरासोबत ओतली होती. बारा छपरांवर बारा एकसारख्या सुरकुत्या. दुरून ठीक, पण एकदा लक्षात आलं की दुसरं काही दिसेना. म्हणून आता फट मोकळी ओततो आणि ताडपत्री प्रत्येकीची वेगळी. भेटवस्तूच्या खोक्यात येतो तो पातळ टिश्यू कागद, फेव्हिकॉल पाण्यात सारखं पातळ करून त्यात बुडवायचा आणि ओला असतानाच फटीवर पसरायचा. फेव्हिकॉल आई येताना पुण्याहून आणते, इथल्या पांढऱ्या गोंदावर माझा विश्वास बसत नाही. सुकताना कागद आपोआप मध्ये झोळ घेतो, जशी खरी ताडपत्री पावसाचं पाणी साचून घेते. काळपट राखाडी रंग, आणि झोळाच्या तळाला किंचित चकाकी, जणू पाणी आहे. दोरीसाठी शिवणाचा दोरा, पण त्याला लव असते. मेणातून ओढायचा आणि मेणबत्तीच्या ज्योतीवरून झर्रकन न्यायचा. थांबलात की दोरा गेला. एका वाघिणीची ताडपत्री अर्धी मागे गुंडाळलीय, आतून दोन गाईंची पाठ दिसते. बाकी अकरा बंद.

वजन: दोन आसांच्या वाघिणीला ५० ग्रॅम, एका आसाला २५ असा इथला रिवाज. रिकामी भरते साधारण वीस. म्हणून तळात शिशाचे छर्रे फेव्हिकॉलमध्ये कालवून टाकतो.

आणि नाचण्यावर इलाज म्हणजे तिपाई. चार पायांचं स्टूल खडबडीत जमिनीवर डुगडुगतं, तिपाई कधीच नाही. एक आस घट्ट बसवायचा, दुसरा मधोमध खिळीवर डुलता ठेवायचा. वाघीण तीन टेकूंवर उभी, चारही चाकं रुळाला धरून.

मोजपट्टी | मंगळवार, रात्री १०:३०

थांबा थांबा थांबा. शिसं आणि फेव्हिकॉल??

मोजपट्टी | मंगळवार, रात्री १०:४१

टंकताना हात थरथरतोय. बंद पोकळीत शिशाचे छर्रे आणि पांढरा गोंद एकत्र ठेवू नका. गोंदातल्या आम्लाने शिसं हळूहळू गंजतं, त्यावर पांढरी पूड धरते आणि ती फुगते. दोन-पाच वर्षांत आतून दाब येऊन बाजू फाटते. आमच्या ओळखीच्या एकाचं इंजिन असंच उललं. काढा ते. इपॉक्सी वापरा किंवा शिशाचा पत्रा कापून कोरडा बसवा.

सांधेवाला | मंगळवार, रात्री ११:१०

अरे देवा.

शेवंता | बुधवार, सकाळी ७:५०

रात्रीच उठून काढायला बसलात ना? खरं सांगा.

सांधेवाला | बुधवार, रात्री ९:४०

हो. पहाटे दोनपर्यंत. आठ वाघिणींचे तळ काढले. जुन्या दोनमध्ये खरंच पांढरी पूड दिसली. मोजपट्टी, तुमच्या नावाने एक वाघीण. नंबर तुम्ही सांगायचा.

आता शेवटचं, रंग. यावर आयरिश मॉडेलवाल्यांत जेवढी भांडणं होतात तेवढी धर्मावर होत नसावीत.

इंग्लिश किटच्या खोक्यात कागद असतो: बाजू राखाडी, चासी काळी. मी पहिल्या तीन तशाच रंगवल्या आणि क्लबात नेल्या. ते बोल्टवाले आजोबा म्हणाले, 'मुला, ही होलिहेडहून पोहत आलीय का?' (होलिहेड म्हणजे समुद्रापलीकडचं ब्रिटिश बंदर.) आयरिश वाघिणीची चासी काळी नाही. बाजू ज्या रंगाची, तोच रंग खाली, चाकांपर्यंत. एकाच बादलीतून सगळं. ही एवढीशी गोष्ट केली की मालगाडी ताबडतोब आयरिश दिसायला लागते, आणि नाही केली तर बाकीचे पंच्याऐंशी बोल्ट वाया.

राखाडीची छटा कंपनीप्रमाणे. ग्रेट नॉर्दर्नची गडद. १९४५ पासून पुढे सीआयई या आयरिश वाहतूक कंपनीची जराशी फिकी, तपकिरी आली ती १९७० च्या आसपास. मी १९५५ च्या सुमाराला थांबलोय, म्हणून माझ्या वाघिणींवर सीआयईचं जुनं चिन्ह आहे. ते पंख लावलेलं चाक आहे म्हणे, पण लोक त्याला 'उडती गोगलगाय' म्हणायचे. ते डबलिनच्या ट्राम-बस कंपनीकडून वारशाने आलं. गोगलगायीला पंख लावून मालगाडीवर रंगवणारा देश मला फार आवडतो. वाघिणींवर ते पांढऱ्यात, स्टेन्सिलने, त्यामुळे गोगलगायीच्या अंगात मध्ये मध्ये तुटकं. पाण्यात भिजवून सरकवायचं डेकल मिळतं, पण त्यात ती अखंड असते. मी सुईच्या टोकाने खरवडून तोडतो.

आणि एकही नवी कोरी नाही. एकीच्या बाजूला एक फळी फक्त लाकडाच्या रंगाची, नुकती बदललेली. तिघींवर जुन्या कंपनीची अक्षरं रंगाखालून पुसट.

भुसावळचा नातू | बुधवार, रात्री १०:१५

ती नवी फळी! आजोबांना दाखवायला हवी होती. एक शंका. आमच्याकडे आजोबा सांगायचे, गाडी सुटताना साखळ्या ताणल्या जातात तेव्हा शेवटच्या गार्डाच्या डब्याला जो हिसका बसतो त्यात चहाचा पेला कसा धरायचा याची विद्या असते. तिकडेही साखळीच होती का?

सांधेवाला | बुधवार, रात्री १०:४५

साखळीच, तीन कड्यांची. बहुतेक वाघिणींना गाडीतून चालणारा ब्रेकच नव्हता. ब्रेक इंजिनाला आणि शेवटच्या गार्डाच्या डब्याला. मोठा उतार आला की गाडी थांबवून वाघिणींचे हातब्रेक एकेक करून दाबायचे. अशा मालगाड्या इथे १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालल्या, गुरांच्याही तेव्हाच संपल्या. माझ्याही वाघिणींना तीन कड्या आहेत. जोडायला तारेचा आकडा, भिंग आणि शांत श्वास. हिसका मात्र खरा. बारावी वाघीण हलते तेव्हा इंजिन सव्वा इंच पुढे गेलेलं असतं.

केतकी मा. | रविवार, सायंकाळी ५:५५

जाऊन आले! गाडी चालताना टिक टिक टिक टिक असा आवाज पुढून मागे पळत जातो, बाराही वाघिणींचा. माझ्या लेकीने तो सात वेळा ऐकला. आणि हो, खाली वाकून बघितलं, चासी राखाडीच आहे. थालीपिठं संपली.

थ्रीडी पंत | मंगळवार, दुपारी १:३०

छापली. तिरकी ठेवून. बोल्ट सुंदर आलेत, सगळे पंच्याऐंशी, अधिक तो राहिलेला एक. फळ्यांवर रेघा... दिसतात. प्रकाश तिरका पडला तर दिसतात. पैज हरलो असं म्हणणार नाही, बरोबरी म्हणा.

मोजपट्टी | मंगळवार, दुपारी २:०५

फोटो पाहिले. हरलात. पण बिजागरीवरचा बोल्ट तुम्ही जिंकलात.

सांधेवाले, माझ्या वाघिणीचा नंबर: शेवटी 'एन' लावा. ग्रेट नॉर्दर्न १९५८ मध्ये वाटून घेतली तेव्हा सीआयईकडे आलेल्यांना तसा लावत ना?

सांधेवाला | मंगळवार, रात्री ८:२०

लावत, पण मी १९५५ मध्ये थांबलोय हो! बरं, तुमच्यासाठी तीन वर्षं पुढे येतो. पण सॉफ्ट टॉप ग्रेट नॉर्दर्नची दाखवायला मन धजत नाही. तुम्हाला साधी बंद वाघीण देतो, मास्टर नवा करावा लागेल.

भुसावळकर, तुमच्यासाठी सॉफ्ट टॉपची एक ओतीव जोडी ठेवलीय, न रंगवलेली. गणपतीला माझा मेव्हणा येतोय, पुण्यापर्यंत आणेल, तिथून तुम्ही बघा. सोबत नव्या फळीच्या रंगाची छोटी बाटली आहे.

भुसावळचा नातू | सप्टेंबर, शुक्रवार, रात्री ९:००

मिळाल्या. एक मोडली नाही. एक आईने देवघराशेजारी आजोबांच्या फोटोखाली ठेवलीय, दुसरी रंगवून झाली. खालपर्यंत राखाडी, चाकांपर्यंत. उजवीकडून तिसरी फळी नवी.

गार्डाचा डबा कधी काढताय?